भारतातील रसायनशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण

भारतातील रसायनशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण बारावीनंतरच्या बी.एस्सी. पदवीपासून सुरू होते आणि एम.एस्सी. व पीएच.डी. या टप्प्यांपर्यंत जाते. पदार्थांची रचना, त्यांचे गुणधर्म आणि त्यांच्यात होणारे बदल हा या शिक्षणाचा विषय आहे. औषधनिर्मिती, रसायन उद्योग, साखर कारखाने, शासकीय प्रयोगशाळा, संशोधन संस्था आणि अध्यापन या क्षेत्रांना लागणारे मनुष्यबळ यातून तयार होते. शिक्षणाचा प्रत्येक टप्पा वेगळ्या प्रकारच्या कामाची पात्रता देतो. त्यामुळे कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हा निर्णय विषयाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

व्याप्ती आणि जवळचे अभ्यासक्रम

रसायनशास्त्राशी संबंधित तीन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची विद्यार्थी व पालक यांच्याकडून अनेकदा गल्लत होते.

- रसायनशास्त्र ही विज्ञान शाखेची पदवी आहे. संयुगे कशी तयार करावीत, ती कशी ओळखावीत आणि अभिक्रिया का व किती वेगाने घडतात, याचा अभ्यास तिच्यात होतो.
- रासायनिक अभियांत्रिकी ही अभियांत्रिकीची पदवी आहे. प्रयोगशाळेत काही ग्रॅम प्रमाणात यशस्वी झालेली अभिक्रिया टनांच्या प्रमाणात सुरक्षितपणे व किफायतशीरपणे कशी चालवावी, हा तिचा मुख्य प्रश्न आहे. उष्णता व द्रव्य यांचे वहन, ऊर्ध्वपातन आणि अभिक्रियापात्रांची रचना हे तिचे विषय आहेत.
- औषधनिर्माणशास्त्र ही स्वतंत्र व्यावसायिक पदवी किंवा पदविका आहे. बोलीभाषेत औषधविक्रेत्याला 'केमिस्ट' म्हटले जात असले, तरी औषधांच्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता म्हणून काम करण्यासाठी १९४८च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्यानुसार नोंदणी आवश्यक असते. रसायनशास्त्रातील बी.एस्सी. पदवीवर ही नोंदणी मिळत नाही.

याउलट औषधांच्या कारखान्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराला कायद्यानेच स्थान दिलेले आहे. त्याची माहिती पुढे व्यवसायसंधींमध्ये दिली आहे.

इतिहास

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात रसायनशास्त्र मुख्यतः व्याख्यानांतून शिकवले जाई. प्रफुल्लचंद्र राय यांनी १८८७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळवली आणि १८८९ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनात सहभागी करून घेणारी परंपरा त्यांनी तेथे उभी केली. १८९२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या औषधनिर्मितीच्या उपक्रमातून पुढे 'बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' ही कंपनी उभी राहिली. इंडियन केमिकल सोसायटीची स्थापना १९२४ मध्ये झाली आणि राय तिचे पहिले अध्यक्ष झाले.

पश्चिम भारतात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी रसायनशास्त्र आणि उद्योग यांची सांगड घातली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये बडोद्यात स्थापन केलेल्या कलाभवनाचे ते प्रमुख होते. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःची प्रयोगशाळा काढून विद्यार्थ्यांना उपयोजित रसायनशास्त्राचे शिक्षण दिले. त्यांच्या परंपरेतून १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक हा कारखाना उभा राहिला.

बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. निष्क्रिय वायूंच्या शोधात विल्यम रॅमझी यांचे सहकारी असलेले रसायनशास्त्रज्ञ मॉरिस ट्रॅव्हर्स हे तिचे पहिले संचालक होते. रसायनशास्त्र हा संस्थेच्या सुरुवातीच्या विभागांपैकी एक होता. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग काढला. कापडगिरण्यांच्या या शहराला रंग आणि कापडप्रक्रिया यांचे तज्ज्ञ हवे होते, ही त्यामागची एक प्रेरणा होती. 'यू.डी.सी.टी.' या नावाने ओळखला जाणारा माटुंग्यातील हा विभाग २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. आता तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने ओळखला जातो. रंगरसायनांचे तज्ज्ञ के. वेंकटरामन हे या विभागाचे पहिले भारतीय संचालक होते. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. ही प्रयोगशाळा जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली होती.

स्त्रियांना या क्षेत्रात सहज प्रवेश मिळाला नाही. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांतील पदवी मिळवली. त्यांचे वडील आणि काका यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतच रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. तरीही त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संस्थेचे तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. तेथील काम पूर्ण करून त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. पुढे त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. कलकत्ता विद्यापीठातून आसीमा चटर्जी यांनी १९४४ मध्ये कार्बनी रसायनशास्त्रात डी.एस्सी. मिळवली.

शिक्षणाची रचना

प्रवेश

बी.एस्सी.साठी बारावीला विज्ञान शाखा आणि रसायनशास्त्र हा विषय आवश्यक असतो. महाराष्ट्रातील बहुतेक पारंपरिक महाविद्यालयांत हा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांच्यासाठी घेतली जाणारी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा त्यासाठी लागत नाही. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच 'आयसर', या स्वतःची अभियोग्यता चाचणी घेतात. पुणे आणि कोलकाता येथील पहिल्या दोन आयसर २००६ मध्ये सुरू झाल्या. शालेय पातळीवर या विषयाची विशेष आवड असणाऱ्यांसाठी रसायनशास्त्र ऑलिंपियाड ही स्पर्धा आहे. भारतातील तिची जबाबदारी मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. २००१ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाली होती.

पदवी

पूर्वीच्या तीन वर्षांच्या रचनेत विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन किंवा चार विषय घेत आणि तिसऱ्या वर्षी एका मुख्य विषयावर येत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये श्रेयांकांवर आधारित नवी चौकट जाहीर केली. तिच्यानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. पदवीसाठी किमान १२० आणि ऑनर्ससाठी किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हा पर्याय घेता येतो. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एम.एस्सी. एका वर्षात पूर्ण करता येते.

अभ्यासक्रमाचे चार प्रमुख भाग आहेत.

- अकार्बनी रसायनशास्त्र: आवर्तसारणी, रासायनिक बंध, संक्रमक मूलद्रव्ये, सहसंबद्ध संयुगे.
- कार्बनी रसायनशास्त्र: कार्बनी संयुगांच्या अभिक्रिया, त्यांच्या यंत्रणा, रेणूंची त्रिमितीय रचना, संश्लेषण.
- भौतिकीय रसायनशास्त्र: ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग, विद्युत रसायनशास्त्र, पुंज रसायनशास्त्र. या भागासाठी गणिताची तयारी आवश्यक असते.
- वैश्लेषिक रसायनशास्त्र: नमुन्यात काय आहे आणि किती आहे हे ठरवण्याच्या पद्धती.

प्रयोगशाळा

प्रात्यक्षिके हा या शिक्षणाचा गाभा आहे. सुरुवातीला विद्यार्थी अनुमापन शिकतो. ब्युरेटमधून ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढली जाते. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनात वेगळा दर्शक लागत नाही, कारण फिकट गुलाबी छटा टिकली की अंत्यबिंदू आल्याचे कळते. वाचने परस्परांशी जुळेपर्यंत अनुमापन पुन्हा करावे लागते. मनाजोगते उत्तर यावे म्हणून वाचन बदलून लिहिण्याचा मोह याच टप्प्यावर होतो, आणि तो टाळण्याची सवयही येथेच लागावी अशी अपेक्षा असते.

त्यानंतर क्षारांमधील आयन ओळखणे, कार्बनी मिश्रणातील दोन संयुगे वेगळी करणे, क्रियात्मक गट व द्रवणांक यांवरून संयुग निश्चित करणे, तसेच विद्युतवाहकतामापक व वर्णमापक यांसारख्या उपकरणांचा वापर हे प्रयोग येतात. पदव्युत्तर पातळीवर अनेक टप्प्यांचे संश्लेषण आणि वर्णपटांवरून रेणूची रचना ओळखणे यांवर भर असतो. अवरक्त वर्णपटावरून रेणूतील क्रियात्मक गट कळतात. चुंबकीय अणुकेंद्रीय संस्पंदनावरून हायड्रोजन व कार्बन अणूंची मांडणी समजते, तर वस्तुमान वर्णपटावरून रेणूचे वस्तुमान मिळते.

एम.एस्सी. आणि पीएच.डी.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सहसा एका उपशाखेत विशेष अभ्यास करावा लागतो. औषध उद्योगातील संश्लेषणाच्या कामाशी कार्बनी आणि गुणवत्ता तपासणीच्या कामाशी वैश्लेषिक रसायनशास्त्राचा थेट संबंध येतो. आयआयटी व इतर काही राष्ट्रीय संस्थांतील एम.एस्सी. प्रवेशासाठी 'जॅम' ही परीक्षा असते.

पीएच.डी.साठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट ही प्रमुख राष्ट्रीय परीक्षा आहे. तिच्यातून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून या अधिछात्रवृत्तीची रक्कम पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल कालावधी सहा वर्षे आहे. त्यामुळे बारावीनंतर पीएच.डी. हाती येईपर्यंत अनेकदा दहा वर्षे जातात. या मार्गाचा विचार करताना हा काळ लक्षात घ्यावा लागतो.

व्यवसायसंधी

औषध उद्योग

भारतातील रसायनशास्त्राच्या पदवीधरांसाठी औषध उद्योग हे सर्वांत मोठ्या कार्यक्षेत्रांपैकी एक आहे. त्यामागे एक कायदेशीर कारण आहे. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला पेटंट देणे बंद केले आणि केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेला पेटंट ठेवले. त्यामुळे एखाद्या ज्ञात औषधाकडे जाणारा वेगळा रासायनिक मार्ग शोधला की ते भारतात कायदेशीरपणे तयार करता येऊ लागले. असे मार्ग शोधणे हे कार्बनी रसायनशास्त्रज्ञाचे काम असल्याने त्यांना मागणी निर्माण झाली. २००५ पासून उत्पादनावरील पेटंट पुन्हा लागू झाले. तोपर्यंत हे कौशल्य उद्योगात रुजले होते.

सिप्ला कंपनीची स्थापना ख्वाजा अब्दुल हमीद या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये मुंबईत केली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी केंब्रिज येथे कार्बनी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली कंपनीने २००१ मध्ये एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या अशा उपचारांची वार्षिक किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे संस्थापक अंजी रेड्डी यांनी यू.डी.सी.टी. आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे शिक्षण घेतले होते.

बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. झालेल्या उमेदवाराला सुरुवातीला बहुधा गुणवत्ता नियंत्रण किंवा उत्पादन विभागात काम मिळते. गुणवत्ता नियंत्रणात कच्चा माल, प्रक्रियेतील नमुने आणि तयार औषध यांची औषधसंहितेतील निकषांनुसार तपासणी होते. 'एचपीएलसी' या नावाने ओळखले जाणारे द्रव वर्णलेखनाचे उपकरण हे येथील रोजचे साधन आहे. प्रत्येक नोंद त्याच वेळी आणि खरी करावी लागते. नोंदींत फेरफार आढळल्यास परदेशी नियामक त्या कारखान्याचा माल आयात करण्यास बंदी घालू शकतात. उत्पादनातील काम सहसा पाळ्यांमध्ये चालते. संशोधन व विकास विभागात एम.एस्सी. आणि पीएच.डी. धारकांना प्राधान्य असते.

औषध नियम, १९४५ नुसार औषधांचे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच करता येते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराबरोबरच, रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेला आणि उत्पादनाचा तीन वर्षांचा अनुभव घेतलेला विज्ञान पदवीधरही या जबाबदारीसाठी पात्र ठरतो. अशी मान्यता मिळालेल्या व्यक्तीला उद्योगात 'एफडीए अप्रूव्हड केमिस्ट' म्हणतात. केवळ बी.एस्सी.वर थांबलेल्या व्यक्तीसाठी ही मान्यता बढतीचा एक महत्त्वाचा मार्ग असते.

रसायन उद्योग

रंग, कीटकनाशके, बहुवारिके, खते, साबण आणि सुगंधी द्रव्ये यांचे कारखाने रसायनशास्त्राच्या पदवीधरांना नोकरी देतात. महाराष्ट्रात तारापूर, अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे परशुराम आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत असे कारखाने एकवटले आहेत. गोव्यात वेर्णा येथील औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या आहेत. रायगड जिल्ह्यातील रसायनी या गावाजवळ हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा सार्वजनिक उपक्रम उभारण्यात आला होता.

साखर कारखाने

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रसायनशास्त्राच्या पदवीधराला घराजवळ नोकरी देणारे ठिकाण म्हणजे साखर कारखाना. तेथील केमिस्ट उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण, आणि पोल, म्हणजे ध्रुवणमापकाने मोजलेले शर्करेचे प्रमाण, तपासतो. चुना व गंधक वायू वापरून केलेल्या शुद्धीकरणावरही तो लक्ष ठेवतो. या मोजमापांशी कारखान्याच्या साखर उताऱ्याचा हिशेब जोडलेला असतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने या नोंदींच्या अचूकतेशी शेतकऱ्यांचे उत्पन्न जोडलेले असते. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे विशेष शिक्षण मिळते.

शासकीय प्रयोगशाळा

महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय मुंबईत कलिना येथे आहे. विष, मद्य, अमली पदार्थ आणि स्फोटके यांचे विश्लेषण तेथे होते. पोलीस आणि न्यायालये यांच्या बोलण्यात या अहवालाला आजही 'सी.ए. रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणतात. अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि सीमाशुल्क विभाग यांच्याही प्रयोगशाळा आहेत. अन्न विश्लेषक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी, अनुभव आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा आवश्यक असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रसायनशास्त्रज्ञांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते.

संशोधन आणि अध्यापन

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत एम.एस्सी. झालेल्यांना एका वर्षाच्या प्रशिक्षणानंतर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नियुक्ती मिळू शकते. बी.एस्सी. झालेल्यांसाठी केंद्राची स्वतंत्र विद्यावेतन प्रशिक्षण योजना आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा, आयआयटी आणि आयसर यांतील स्वतंत्र संशोधक पदांसाठी पीएच.डी. आणि बहुधा त्यानंतरचे संशोधनही अपेक्षित असते.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.एस्सी.सोबत नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे ही मूलभूत पात्रता आहे. महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांसाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. व बी.एड. लागते.

इतर क्षेत्रे

विज्ञान पदवीधर परीक्षा देऊन पेटंट अभिकर्ता होऊ शकतो. औषधांच्या परवान्यांशी संबंधित नियामक कामकाज, वैज्ञानिक उपकरणांची विक्री व देखभाल, तांत्रिक लेखन ही इतर क्षेत्रे आहेत. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत रसायनशास्त्र हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो.

सुरक्षितता आणि पर्यावरण

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमधील कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायूची गळती होऊन हजारो लोकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि १९८९ मध्ये धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीचे नियम झाले. यामुळे सुरक्षा, सांडपाणी प्रक्रिया आणि पर्यावरण विश्लेषण ही रसायनशास्त्राच्या पदवीधरांची स्वतंत्र कार्यक्षेत्रे बनली.

अभ्यासक्रमातही बदल झाले. विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू वापरून केले जाणारे क्षारविश्लेषण अनेक ठिकाणी मागे पडले. अल्प प्रमाणातील रसायने वापरून केले जाणारे प्रयोग आणि हरित रसायनशास्त्र यांचा अभ्यासक्रमात समावेश झाला. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे पॉल अनॅस्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडली होती.

शिक्षणातील अडचणी

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला अकरावी विज्ञानात प्रवेश घेताच इंग्रजी पाठ्यपुस्तकांना सामोरे जावे लागते. संयुजा, क्षपण, आम्लारी या संज्ञांतून समजलेला विषय त्याला नव्या संज्ञांतून पुन्हा शिकावा लागतो. संकल्पना माहीत असूनही शब्द अनोळखी असल्याने अनेकांचा आत्मविश्वास पहिल्या वर्षी कमी होतो.

दुसरी अडचण उपकरणांची आहे. उद्योगात रोज लागणारी वर्णलेखनाची व वर्णपटांची उपकरणे महागडी असल्याने लहान महाविद्यालयांत ती असतीलच असे नाही. तेथील विद्यार्थी त्यांविषयी पुस्तकातून शिकतो आणि मुलाखतीत मागे पडतो. औद्योगिक वसाहतींतील प्रशिक्षणार्थी म्हणून केलेले काम, सुटीतील संशोधन प्रकल्प आणि मोठ्या संस्थांतील कार्यशाळा यांतून ही उणीव काही अंशी भरून निघते. नव्या चौकटीत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग महाविद्यालयाच्या परिसरातील उद्योग आणि प्रयोगशाळा यांच्या सहकार्यावर अवलंबून राहतो.

हे सुद्धा पहा

- रसायनशास्त्र
- रासायनिक अभियांत्रिकी
- औषधनिर्माणशास्त्र
- राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा
- प्रफुल्लचंद्र राय
- कमला सोहोनी